एकट्या माणसाने उतारवयात गाव कसे निवडावे?



संयोजकांनी पत्रिकेत आजचा विषय 'एकल ज्येष्ठांचे निवृत्तीनंतरचे स्थलांतर' असा छापला आहे. शब्द जड आहेत, पण नाव ठेवत नाही. सरकारी अर्जात आपला उल्लेख असाच होतो. साध्या भाषेत प्रश्न असा: माणूस सत्तरीच्या आसपास आहे, पेन्शन किंवा थोडीफार शिल्लक आहे, घरात दुसरं कोणी नाही, आणि राहतं घर सोडायची वेळ आली आहे. मग जायचं कुठे? आणि ते ठरवायचं कशावरून?

आधी हे 'आम्ही' कोण ते सांगून टाकतो, कारण पुढे हा शब्द सारखा येणार. आम्ही पाच जण आहोत. सगळे शिकवून निवृत्त झालेले. दोघं अविवाहित, दोघांचे जोडीदार गेलेले, एकाचं लग्न पूर्वीच मोडलेलं. मुलं आहेत ती परदेशात. दर गुरुवारी सकाळी आम्ही पुण्यात एका उडप्याकडे इडली खायला जमतो आणि एकमेकांच्या रक्तातल्या साखरेची चौकशी करतो. (हशा) गेल्या दोन वर्षांत तिथे एकच विषय आहे, तो हा. कारण आमच्यापैकी तिघांच्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. बिल्डर तीन वर्षांचं भाडं देणार, नंतर नव्या इमारतीत अकराव्या मजल्यावर फ्लॅट. चाळिशीच्या माणसाला ही लॉटरी. चौऱ्याहत्तरीच्या माणसाला प्रश्न पडतो, की तीन वर्षांनी तिथे राहायला आपण असू का, आणि असलो तर त्या इमारतीत आपल्याला ओळखणारं कोण असेल?

आता, निवृत्त माणसाला विचारलं, कुठे राहायला आवडेल, तर उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: 'कुठेतरी शांत ठिकाणी.' समोर डोंगर, अंगणात पारिजातक, मागे विहीर, पहाटे पक्षी. या चित्राकडे जरा नीट बघा. त्यात दुसरा माणूस नाही. चित्र पाहणाराही त्यात कुठे वावरताना दिसत नाही, तो नुसता बघतोय. हे सुटीवर आलेल्या माणसाचं चित्र आहे. जो राहतो त्याला दळण आणावं लागतं, सिलिंडर लावून देणारा लागतो, चष्म्याची काडी मोडली तर ती बसवून देणारा लागतो. शांत ठिकाण म्हणताना आपल्या मनात बहुधा 'जिथे कोणी त्रास देणार नाही' असं असतं. पण जिथे त्रास द्यायला कोणी नाही, तिथे मदतीलाही कोणी नाही.

यावर कोणी म्हणेल, आपल्या परंपरेत वानप्रस्थ सांगितलाच आहे की. सांगितला आहे. अंगावर सुरकुत्या आल्या, केस पिकले, नातवाचं तोंड पाहिलं की गृहस्थाने वनात जावं, असं मनुस्मृती म्हणते. ज्यांना नातवंडंच नाहीत त्यांनी कोणत्या मुहूर्तावर निघावं, याचा खुलासा मात्र तिथे नाही. (हशा) पण गंमत बाजूला ठेवून जुन्या कथा तपशिलात वाचाव्यात. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य घर सोडायला निघतो, तेव्हा मैत्रेयीला म्हणतो की तुझी आणि कात्यायनीची वाटणी करून देतो. पुढचा संवाद आत्मज्ञानाचा आहे, म्हणून आपण सगळे तिकडे धावतो, आणि तेच योग्य आहे. पण क्रम बघा: आधी वाटणी, मग प्रस्थान.

दुसरी गोष्ट धृतराष्ट्राची. युद्धानंतर पंधरा वर्षं तो युधिष्ठिराच्या घरी राहिला. युधिष्ठिराने काही कमी पडू दिलं नाही, पण भीम मात्र म्हाताऱ्याला ऐकू जाईल असं बोलायचा. ज्यांच्या घरी दोन मुलं आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. शेवटी धृतराष्ट्र वनात निघाला, पण एकटा निघाला नाही. गांधारी होती, कुंती होती, विदुर होता, संजय होता. राहायला गेले तेही ऋषींच्या आश्रमाच्या आसऱ्याने, आणि पांडव भेटायला जाऊन आले. पुढे वणव्यात धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती यांचा शेवट झाला तो भाग निराळा. सांगायचं एवढंच, की आश्रम ही वस्ती होती. तिथे अग्नी पेटवणारे शिष्य होते, पाणी आणणारे होते, कोण आलं नाही याची विचारपूस होती. वानप्रस्थ म्हणजे निर्मनुष्य एकांत, ही आपली अलीकडची समजूत दिसते, आणि तिच्यावर बरेच प्लॉट विकले जातात.

तत्त्वज्ञानाच्या इतिहासात एकट्या निवृत्त प्राध्यापकाचं एक उत्तम उदाहरण आहे, ते म्हणजे इमान्युएल कान्ट. जन्म १७२४, मृत्यू १८०४, दोन्ही केनिग्जबर्गमध्ये. लग्न केलं नाही. एर्लांगन, येना, हाले इथून बोलावणी आली. हालेत तर पगार बराच जास्त होता. गेला नाही. लोक म्हणतात, घरकोंबडा होता. आम्हाला तसं वाटत नाही. केनिग्जबर्ग हे नदीकाठचं बंदर होतं, देशोदेशीचे व्यापारी येत, विद्यापीठ होतं, सरकारी कचेऱ्या होत्या. अशा गावात बसल्याजागी जग कळतं, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. म्हणजे त्याने गाव पारखून घेतलं होतं.

स्वतःचं घर त्याने १७८३ साली, एकोणसाठाव्या वर्षी घेतलं. तोवर भाड्याच्या जागा. एक जागा शेजाऱ्याच्या कोंबड्याच्या आरवण्यामुळे सोडली अशी कथा आहे. कोंबडा विकत मागितला, पण शेजारी कोणत्याही किमतीला देईना. शेवटी घेतलेलं घर कुठे होतं? गावाबाहेर नदीकाठी नाही, भर गावात, किल्ल्याजवळ. जवळच्या तुरुंगातले कैदी मोठ्याने भजनं म्हणत, त्याचा त्याला ताप झाला, तरी घर सोडलं नाही. आणि दुपारचं जेवण तो एकट्याने घेत नसे. रोज पाहुणे, तिघांपेक्षा कमी नकोत आणि नवांपेक्षा जास्त नकोत, असा हिशेब.

शेवटी काय झालं ते आपल्या विषयाला जास्त जवळचं आहे. कान्टची स्मृती गेली, तोल जाऊ लागला. लाम्पे नावाचा नोकर चाळीसएक वर्षं होता, त्यालाही १८०२ मध्ये काढावं लागलं. कान्टने टिपणवहीत लिहून ठेवलं, की लाम्पे हे नाव आता पूर्ण विसरून जायचं. विसरायचं आहे हे लक्षात राहावं म्हणून लिहिलेली नोंद! या दोन वर्षांत घर कोणी चालवलं? वासिआन्स्की नावाच्या त्याच्या जुन्या विद्यार्थ्याने. तो त्याच गावात धर्मोपदेशक होता, रोज येऊ शकत होता. अखेरच्या महिन्यांत धाकटी बहीण शुश्रूषेला आली, तीही त्याच गावातली. कान्ट जास्त पगाराच्या हालेला गेला असता, तर ही दोन माणसं तिथे नसती.

तेव्हा आमच्या गुरुवारच्या चर्चेत जो प्रश्न आम्ही हळूहळू सगळ्यांच्या पुढे आणून ठेवला, तो असा. सकाळी आपण दार उघडलं नाही, तर ते कोणाच्या लक्षात येईल, आणि किती तासांत? भाडं, हवा, पाणी, मंदिर, बाग, सगळं नंतर. नव्या जागेत या प्रश्नाचं उत्तर 'दुपारपर्यंत' असं असेल तर पुढचं बोलू. 'दोन दिवसांनी' असेल तर ती जागा कितीही सुंदर असो, तिथे सुटीला जावं.

हे आम्ही पुस्तकातून काढलेलं नाही. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ निवृत्तीनंतर दापोलीकडच्या आपल्या वडिलोपार्जित घरी राहायला गेले. पत्नी आधीच गेलेल्या. घर बघण्यासारखं, चिऱ्याचं, पडवी, माडाची बाग. चार वर्षं उत्तम गेली. आम्ही जाऊन आंबे खाऊन आलो. पाचव्या जुलैत, लाइट दोन दिवस गेलेले, फोन बंद पडलेला, आणि संध्याकाळी मागीलदारच्या पायरीवर शेवाळावरून पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. शेजार म्हणजे दोन बागा ओलांडून, तेही मुंबईकरांचं कुलूपबंद घर. पावसाच्या आवाजात हाक कोण ऐकणार? दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता केरवारे करायला बाई आली, तोपर्यंत ते तिथेच होते. वाचले. आता पुण्यात भाचीकडे असतात, वॉकर घेऊन चालतात. कोकणाला आम्ही दोष देत नाही. तेच घर दापोली गावात, बाजारपेठेमागे असतं, तर रात्री नऊच्या आत कोणीतरी आलं असतं.

तासांचा हिशेब वैद्यकीय बाबतीत आणखी कडक आहे. पक्षाघातात मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तेही स्कॅन करून, रक्तस्राव नाही हे पाहून. म्हणजे 'हॉस्पिटल किती लांब आहे' हा प्रश्न अपुरा आहे. स्कॅनची सोय असलेलं, रात्री डॉक्टर असलेलं हॉस्पिटल जुलै महिन्यात, घाटात दरड असताना किती लांब आहे, असं विचारायचं. १०८ ची गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिचा उपयोगही होतो, पण गाडीलाही रस्ता लागतो. आणि साडेचार तास मोजायला सुरुवात होते ती त्रास सुरू झाला तेव्हापासून, कोणीतरी दार फोडलं तेव्हापासून नाही.

इथे कोणीतरी म्हणतंच, की अहो, गेलो की होतील ओळखी. होतात का? ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले आहेत: उपयोगाची, मौजेची, आणि एकमेकांच्या चांगुलपणावर उभी असलेली. तिसरी श्रेष्ठ, पण तिला वेळ लागतो. बरोबर बसून पुष्कळ मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, अशा अर्थाची म्हण तो देतो. आपल्याकडेही खाल्ल्या मिठाला जागणं आहेच. तो असंही म्हणतो की म्हातारी माणसं सहजासहजी नवे मित्र जोडत नाहीत, आणि त्यांच्यात उपयोगाची मैत्री जास्त दिसते. वर्गात शिकवताना आम्ही हे जरा नाक मुरडून शिकवायचो, उपयोगाची मैत्री म्हणजे खालची पायरी. आता वाटतं, खालची असली तरी पायरी आहे. पेपरवाला, वाणी, मेडिकलवाला, कोपऱ्यावरचा रिक्षावाला, धुण्याभांड्याच्या मावशी यांच्याशी असलेलं नातं रोजचं असतं, आणि आपण दिसलो नाही की पहिल्यांदा यांनाच कळतं. नव्या गावात जिवलग मित्र मिळायला दहा वर्षं लागतील. ती आपल्याकडे नसतीलही. वाणी मात्र सहा महिन्यांत आपला होतो, जर आपण सगळं सामान मोबाइलवरून मागवलं नाही तर!

आमच्यापैकी दोघं तर म्हणतात की गावात ओळखीचं एक तरी घर आधीपासून असल्याशिवाय जाऊच नये. बाकीच्यांना ते जरा कडक वाटतं. पण सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत आहे, की दोघांनी मिळून एकाच गावात, वेगवेगळ्या पण चालत जाण्याच्या अंतरावरच्या घरांत राहायला जाणं सगळ्यात उत्तम. एकाच घरात नको. सत्तर वर्षांच्या सवयी एका स्वयंपाकघरात मावत नाहीत.

मग आम्ही गावं बघत हिंडलो. नियम असा केला की रविवारी जायचं नाही, मधल्या वारी जायचं. आणि हॉटेलात नाही, कोणाच्या तरी ओळखीने उतरायचं. दुपारी तीन वाजता औषधाच्या दुकानात जाऊन विचारायचं, घरपोच देता का? रात्री आठला रिक्षा मिळते का ते बघायचं. फुटपाथ आहे का, आणि तो चालण्याजोगा आहे का? प्रवासाची चैन झाली आहे, कारण पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटी ऑगस्ट २०२२ पासून फुकट आहे, आणि पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट. आमच्यातले एक आता केवळ फुकट आहे म्हणून नगरला जाऊन चहा पिऊन येतात.

वाईत मन फार रमलं. कृष्णेचे घाट, प्रज्ञापाठशाळा, मराठी विश्वकोशाचं काम जिथून चाललं ते हे गाव. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचं गाव. आमच्या विषयाच्या माणसाला तिथे पाय निघत नाही. पण मोठ्या तपासणीला सातारा नाहीतर पुणे, आणि आमच्यात हृदयाचे दोन रुग्ण आहेत. नाशिकची हवा चांगली, मोठी हॉस्पिटलं आहेत, १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे. पण नाशिक आता मोठं शहर आहे. पुणं सोडून तिथे जायचं तर तीच गर्दी आणि वर ओळखी शून्य. रत्नागिरीचं वाचनालय तर १८२८ चं, त्याहूनही जुनं, पण पावसाळा आम्हाला झेपणार नाही. गोव्याचा मोह आमच्यातल्या एकांना होता. मराठी वाचणारं, नाटकं बघणारं गाव मिळतं, ते खरं. पण भाडी पर्यटकांच्या ऐपतीने ठरतात, आणि घरमालकाला हंगामात जागा मोकळी हवी असते.

मिरजेने आम्हाला थोडं चकित केलं. एरवी हे गाव आपण रेल्वेच्या खिडकीतूनच बघतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. वॉनलेस यांनी तिथे मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून डॉक्टरांचं गाव म्हणूनच ते वाढलं. गाव लहान, दवाखाने मोठे, हे प्रमाण इतरत्र सहसा सापडत नाही. जंक्शन असल्यामुळे पुणे, कोल्हापूर, सोलापूर, हुबळी, बंगळूर, कुठेही गाडी. सतारी आणि तंबोरे करणारे कारागीर आहेत. अब्दुल करीम खाँसाहेब तिथे राहिले, आणि मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ अजून गाणं होतं. आमच्यातल्या गाणं ऐकणाऱ्यांना हे पुरेसं आहे. उणीव सांगायची तर उन्हाळा कडक, रस्ते धुळीचे. आणि कृष्णा. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही वर्षी सांगली-मिरजेच्या सखल भागात पाणी शिरलं होतं. तेव्हा घर बघताना दलालाला विचारू नये, शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारावं, की एकोणीस साली पाणी कुठपर्यंत आलं होतं? तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. चिपळूणला जाणाऱ्यांनी एकवीस सालचं विचारावं.

आता पैशाची गोष्ट, ती उरकून टाकतो. जुनं घर विकून लगेच नवं घेऊ नये. आधी भाड्याने राहावं, आणि त्या वर्षात पावसाळा आलाच पाहिजे. लोक घाई करतात ती कराच्या भीतीने. पण घर विकल्यावर झालेला नफा नव्या घरात गुंतवायला विक्रीनंतर दोन वर्षं मिळतात. रिटर्न भरायच्या तारखेपर्यंत पैसे वापरले नाहीत तर बँकेतल्या भांडवली नफ्याच्या खास खात्यात ठेवायचे. म्हणजे एक वर्ष भाड्याने राहून बघायला कायद्यानेच जागा ठेवली आहे. आपल्या सीएला विचारून करा, आमच्या भरवशावर नको. भाडेकरार मात्र लेखी आणि नोंदवलेलाच हवा, महाराष्ट्रात तो तसा बंधनकारक आहे. आणि 'फार्म हाउस'च्या जाहिराती बघणाऱ्यांसाठी एक वाक्य: जो शेतकरी नाही त्याला या राज्यात शेतजमीन सहसा विकत घेता येत नाही, म्हणून सातबारा आणि बिगरशेतीचा आदेश पाहिल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका.

ज्येष्ठांसाठीच्या निवासी प्रकल्पांबद्दल इथे बऱ्याच जणांना उत्सुकता असेल. आम्ही तीन पाहिले. नावं घेत नाही. स्वच्छ होते, कठडे होते, जेवण बरं होतं, कॅरम होता. दाराचा प्रश्नही सुटलेला, कारण नाश्त्याला आला नाहीत तर कोणीतरी बघायला येतं. पण एक प्रश्न विचारला की माहिती देणाऱ्या मुलीचा चेहरा बदलायचा: 'आम्ही अंथरुणाला खिळलो, किंवा माणसं ओळखेनासे झालो, तर इथे ठेवता का?' एका ठिकाणी उत्तर होतं, 'तेव्हा घरच्यांना कळवतो.' घरचे असते तर आम्ही तुमच्याकडे आलो कशाला असतो? छापील करारात हे कलम शोधा. तसंच अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळते, दरवर्षी किती कापतात, आणि प्रकल्प चालवणारी संस्था बदलली तर काय, हेही. सत्तरीत आपण धडधाकट असताना जागा निवडतो, पण ती वापरायची असते ब्याऐंशीच्या वर्षी.

मुलाकडे किंवा भाच्याकडे जाणं हा सगळ्यात स्वाभाविक पर्याय, आणि त्याबद्दल व्याख्यानात काही सांगता येईल असं नाही. ज्याचं त्याला ठाऊक. फक्त जाताना घर त्यांच्या नावावर करून जाऊ नये. केलंच, तर बक्षीसपत्रात 'माझा सांभाळ करावा' ही अट स्पष्ट लिहावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं कलम २३ अशा अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर, परत मिळवून देऊ शकतं. त्याच कायद्याने, मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठाची मालमत्ता ज्याला वारसाने मिळणार आहे त्या नातेवाइकावरही निर्वाहाची जबाबदारी टाकली आहे. हे फार थोड्यांना माहीत असतं.

आणि आता तो रकाना. हॉस्पिटलच्या फॉर्मवर एक रकाना असतो: 'नातं'. सही करणाऱ्याचं रुग्णाशी नातं काय? आमच्यातल्या एकांना मध्यरात्री भरती केलं तेव्हा तिथे उभे होतो आम्ही, गुरुवारच्या इडलीचे सोबती. रकान्यात काय लिहायचं? 'मित्र' लिहिलं. खिडकीतली व्यक्ती म्हणाली, रक्ताचं कोणी नाही का? पन्नास वर्षं नीतिशास्त्र शिकवलेली माणसं त्या खिडकीपुढे गप्प उभी होती. नव्या गावात हे आणखी अवघड होतं, कारण तिथे मित्रही अजून मित्र झालेला नसतो. म्हणून कागद आधी करायचे. पुष्कळांचा समज असतो की कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं. ते माणूस गेला की संपतं, हे माहीत असतं. पण माणसाची बुद्धी गेली तरी कायद्याने संपतं, हे माहीत नसतं. म्हणजे ज्या दिवशी गरज लागणार नेमका त्याच दिवशी तो कागद रद्द. त्यामुळे रोजच्या खर्चाचं एक खातं विश्वासाच्या माणसाबरोबर संयुक्त असावं, त्यात वर्षभर पुरेल एवढेच पैसे असावेत. मृत्युपत्र वेगळं. आणि शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे लिहून ठेवण्याची सोय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिली, २०२३ मध्ये सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. त्यात आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावं द्यायची. नव्या गावात गेल्यावर त्यात तिथल्या एका माणसाचं नाव घालावं. आणि पोलीस ठाण्यात जाऊन एकट्या ज्येष्ठांच्या यादीत आपलं नाव लावून यावं. अशी यादी ठेवायचा नियम आहे. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

चिठ्ठ्या आल्या आहेत. एका बाई विचारतात: 'एकट्या बाईला, तेही म्हातारीला, भाड्याने जागा देतच नाहीत, त्याचं काय?' खरं आहे. मालकाला भीती असते की काही झालं तर निस्तरणार कोण. राग मानण्यापेक्षा त्या भीतीचं उत्तर लेखी न्यावं: आजारपणात कोणाला फोन करायचा, सामान कोण हलवणार, मृत्यूनंतर विधी कोण करणार, अशी दोन माणसांची नावं, पत्ते आणि त्यांच्या सह्या. आमच्यातल्या एका बाईंनी असा कागद नेला, तर मालकीणबाई म्हणाल्या, आमच्या सासूबाईंचाही असा करून द्या. (हशा)

दुसरी चिठ्ठी: 'हे सगळं करण्यापेक्षा आहे तिथेच राहिलेलं बरं नाही का?' बऱ्याच जणांसाठी, हो. आज रात्री घरी जाऊन एक यादी करा. आपण सलग दोन दिवस दिसलो नाही तर जे चौकशी करतील अशी माणसं किती, ते लिहा. फोनवरची नकोत, पायी येऊ शकतील अशीच. सहा-सातच्या वर आकडा गेला आणि इमारतीला लिफ्ट असेल, तर हलू नका, पुनर्विकासात भाड्याची जागाही त्याच गल्लीत शोधा. आमच्यातल्या एकांनी तेच केलं, दोन इमारती पलीकडे गेले, मावशी त्याच राहिल्या. आकडा दोनवर आला, तर मात्र गाव सोडून आपण फारसं काही गमावत नाही.

आमच्यापैकी दोघं एक जूनपासून मिरजेत राहून बघणार आहेत. अकरा महिन्यांचा करार झाला आहे, दोन्ही घरं तळमजल्यावर, मध्ये एक गल्ली. दुकानदाराने सांगितलं की एकोणीस साली पाणी चौकापर्यंत आलं होतं, चौक तिथून खाली आहे. बाकीचे तिघं गुरुवारी रेल्वेने जाऊन येऊ म्हणतात, तिकडे इडली कशी मिळते ते अजून बघायचं आहे.